पोटात बाळ, ताटात फक्त वनस्पती: तुमचे प्रश्न

या वेळचा अख्खा कॉलम दूध, दही, तूप, अंडी, मध यातलं काहीच न खाणाऱ्या आणि बाळाची वाट बघणाऱ्या वाचकांसाठी. पत्रं इतकी आली की निवडताना जीवावर आलं, बऱ्याच जणींचे प्रश्न सारखेच होते म्हणून ते एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे प्रत्येक उत्तरात परत परत नको. अमेरिकेतल्या अॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स या आहारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मधे सांगितलं होतं की नीट आखणी केलेला व्हेगन, म्हणजे फक्त वनस्पतींचा आहार गरोदरपणातही चालतो, आणि २०२५ च्या नव्या निवेदनात मात्र त्यांनी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना धरलेलं नाही, फक्त बाकीच्या प्रौढांबद्दल लिहिलंय. म्हणजे चालतं, पण आपोआप चालत नाही, लक्ष द्यावं लागतं. जेवणातून जे मिळतं ते साध्या स्वयंपाकातून भरपूर घ्या आणि जे वनस्पतींत नाहीच ते गोळीतून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि खालची उत्तरं त्याच धाग्याने वाचा.

ताई, दुसरा महिना संपत आलाय. डाळ शिजायला लागली की वासानेच उलटी होते, पालक तर बघवत पण नाही. टोस्ट, उकडलेला बटाटा आणि गार संत्रं एवढंच पोटात राहतं. बाळाची उपासमार होतेय का? रात्री झोप लागत नाही या विचाराने.

नाही गं, उपासमार होत नाहीये. आठव्या आठवड्यात बाळ जेमतेम दीड सेंटीमीटरचं असतं, त्याला लागतं ते तुझ्या अंगातल्या साठ्यातून मिळतं. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या कॅलरीज लागतच नाहीत, दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण ३४० आणि तिसरीत साधारण ४५० वाढतात, तेव्हा आत्ता "दोघांचं खा" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून दे. टोस्ट, बटाटा, संत्रं, हे आत्ता पुरेसं जेवण आहे.

या दिवसांत चुकवायची नाही ती फॉलिक अॅसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत तरी (कोणाला डॉक्टरांनी जास्त डोस दिला असेल तर तोच घ्यायचा). बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बंद होते, म्हणून ही गोळी खरं तर दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते. आणि त्याबरोबर बी-१२ जीवनसत्त्व, त्यावर पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलंय. मल्टिव्हिटॅमिनची मोठी गोळी पोटात राहत नसेल तर बहुतेक वेळा त्यातलं लोह त्रास देतं, डॉक्टरांना विचार की थोडे दिवस नुसतं फॉलिक आणि बी-१२ चालेल का. आणि गोळी रात्री झोपताना, काहीतरी खाऊन घेऊन बघ.

खाण्याचं म्हणशील तर गार पदार्थांना वास कमी येतो म्हणून ते जास्त जातात. फ्रीजमधलं केळं आणि सोया दूध मिक्सरला फिरवून घोट घोट घे, टोस्टवर शेंगदाण्याचं बटर लाव, शिजवलेले छोले गार करून वर लिंबू मीठ. उठायच्या आधी अंथरुणातच दोन कोरडी बिस्किटं खा, मग पाय खाली ठेव. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते तेव्हा दर दोन तासांनी थोडं थोडं. आल्याने बऱ्याच जणींना फरक पडतो, आलं घातलेलं कोमट पाणी करून बघ. आणि डाळ दुसऱ्या कोणीतरी शिजवू दे, खिडकी उघडी ठेवून, तू त्या खोलीत थांबूच नकोस.

मात्र दिवसभरात पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल किंवा उठल्यावर भोवळ येत असेल तर ही साधी मळमळ नाही, लगेच दवाखान्यात जा. यावर औषधं आहेत, अंगावर काढायचं कारण नाही.

मी पाच वर्षं व्हेगन आहे, आजपर्यंत काहीही झालेलं नाही, एकदम फिट आहे. आता चौथा महिना. डॉक्टर बी-१२ ची गोळी घे म्हणतात. मी स्पिरुलिना (शेवाळाची पूड) घेते, शिवाय भाज्या मुद्दाम कमी धुते कारण मातीत बी-१२ असतं असं वाचलंय. गोळी घ्यायलाच हवी का?

हो. घ्यायलाच हवी, आणि आजपासून.

बी-१२ जिवाणू तयार करतात, वनस्पतींना ते लागतच नाही म्हणून त्यांच्यात भरवसा ठेवावा इतकं सापडत नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं पण आपल्या शरीरात काम न करणारं रसायन आहे. आणि माती, अगं नको, गरोदरपणात भाजीवरच्या मातीतून टॉक्सोप्लाझ्मा येऊ शकतो, लिस्टेरिया येऊ शकतो, हे दोन्ही रोगजंतू बाळापर्यंत पोचतात. भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायच्या, यात तडजोड नाही.

पाच वर्षं काही झालं नाही याचं कारण असं की यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. तू तुझ्या जुन्या साठ्यावर चालली असशील, पण बाळाकडे जातं ते मुख्यतः आई आत्ता जे घेतेय त्यातलं, त्यामुळे आईला काहीच जाणवत नसताना बाळाला कमी पडू शकतं. बी-१२ ची कमतरता असलेल्या आईच्या दुधावर वाढणारी बाळं काही महिन्यांनी सुस्त होतात, हसणं, मान धरणं, वस्तू पकडणं यात मागे पडतात. घाबरवायला लिहीत नाहीये, एका स्वस्त छोट्या गोळीने हे पूर्ण टळतं म्हणून इतकं जीव तोडून सांगतेय.

अजून एक अडचण व्हेगन खाण्यातच आहे. डाळी, पालेभाज्या, संत्री यातून फोलेट (फॉलिकचंच नैसर्गिक रूप) भरपूर मिळतं, शिवाय फॉलिकची गोळी चालू, आणि भरपूर फोलेट असलं की बी-१२ च्या कमतरतेचा अॅनिमिया रक्ततपासणीत दिसत नाही पण नसांना इजा होत राहते. हातापायाला मुंग्या येत असतील तर नुसतं थकवा म्हणून सोडू नकोस. गरोदरपणात रक्तातली बी-१२ ची पातळी तशीही थोडी खाली येते त्यामुळे आकडा वाचताना गोंधळ होतो, शंका असेल तर मिथाइलमॅलोनिक अॅसिडची तपासणी करता येते, डॉक्टरांना विचार.

किती घ्यायचं? गरज रोज २.६ मायक्रोग्रॅमची, बाळंतपणानंतर पाजताना २.८. पण शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, त्याच्या वरचं शंभरातलं एखादंच आत जातं, म्हणून गोळीवर मोठा आकडा दिसला तरी दचकू नकोस, तो मुद्दाम ठेवलेला असतो. तुझा डोस डॉक्टर ठरवतील. सायनोकोबालामिन हा प्रकार टिकाऊ आहे आणि त्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय, दुसऱ्या महागड्या प्रकारांच्या मागे धावायची गरज मला तरी दिसत नाही. चघळायची गोळी घेतलीस तर प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनच्या कॅप्सूलचा प्रश्न पण येत नाही. आणि समजा एखाद्या वेळी व्हेगन गोळी मिळालीच नाही तर जी मिळेल ती घे. व्हेगन सोसायटीच्या व्याख्येतसुद्धा "शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं" असंच म्हटलंय.

नमस्कार ताई. मी पुरुष वाचक, बायकोला सहावा महिना आहे, ती व्हेगन आहे, मी नाही. संध्याकाळी ती दमलेली असते म्हणून रात्रीचा स्वयंपाक मी घेतलाय पण मला चहा आणि भात सोडून काही येत नाही. अर्ध्या तासात होईल असं काय करू? आणि प्रोटीन पुरतंय हे कसं कळणार?

तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. हे उत्तर लांब होणार आहे, चालेल ना?

प्रोटीन आधी. या दिवसांत रोज साधारण ७० ग्रॅम हवं. शिजवलेल्या मसुराच्या एका कपात १८ ग्रॅम प्रोटीन असतं, वर साडेसहा मिलिग्रॅम लोह आणि साडेतीनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट, एका कपात! एक ग्लास सोया दुधात ७ ग्रॅम. बदामाच्या दुधात जेमतेम १ ग्रॅम असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, तेव्हा ते चहा-कॉफीपुरतं ठेवा, पोटभरीला सोया. रोज ग्रॅम मोजत बसायची गरज नाही. तिच्या प्रत्येक जेवणात डाळ, छोले, राजमा, टोफू, सोयाबीन यातलं काहीतरी वाटीभर आहे ना, आणि मधल्या वेळी शेंगदाणे किंवा बदाम पोटात जातायत ना, एवढं बघा.

आता पहिला पदार्थ, लाल मसुराचं सूप, कारण लाल मसूर भिजवावे लागत नाहीत आणि वीस मिनिटांत शिजतात. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, एक बारीक चिरलेला कांदा, तो मऊ होऊन कडा तांबूस दिसायला लागल्या की तीन-चार लसूण पाकळ्या ठेचून, मग दोन टोमॅटो चिरून आणि मीठ. टोमॅटोचं पाणी सुटून तेल कडेला दिसलं की धुतलेले मसूर एक कप आणि पाणी साडेतीन कप. उकळी आली की वर फेस येईल तो चमच्याने काढून टाका, आच कमी करा, झाकण तिरकं ठेवा नाहीतर उतू जाईल. दाण्याचा केशरी रंग जाऊन पिवळा झाला आणि चमचा फिरवल्यावर दाणा आपोआप मोडला की झालं. दोन मुठी चिरलेला पालक घाला, दोन मिनिटं ठेवा, गॅस बंद. लिंबू आत्ता पिळायचं, शिजताना नाही, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं आणि डाळीतलं लोह शोषायला तेच मदत करतं. वर एक चमचा भाजलेल्या तिळाची पूड. भाताबरोबर द्या नाहीतर ब्रेडबरोबर.

दुसरा, टोफू. घट्ट टोफूचा ठोकळा स्वच्छ कपड्यात गुंडाळून वर जड भांडं ठेवा, तोवर भात लावा. पंधरा मिनिटांनी चौकोनी तुकडे, त्यावर दोन चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरून हलकेच हलवा. तवा चांगला तापू दे, तेल घाला, तुकडे ठेवा आणि मग हात लावू नका! सगळे इथेच चुकतात, सारखं उलटतात आणि मग टोफू चिकटून तुटतो. खालची बाजू खरपूस झाली की तो स्वतःच तवा सोडतो. त्याच तव्यात ब्रोकोलीचे तुरे, थोडं पाणी, झाकण, तीन मिनिटं, शेवटी सोया सॉस. टोफू आणि ब्रोकोलीतून कोलीनही थोडं मिळतं, बाळाच्या मेंदूसाठी ते लागतं, दिवसाला ४५० मिलिग्रॅम, आणि गरोदरपणाच्या बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमधे ते नसतंच, तेव्हा बायकोच्या बाटलीवरचं लेबल एकदा वाचा.

तिसरा, पास्ता. उकडलेले छोले किंवा पांढरे वाल, लसूण, टोमॅटो, ऑलिव्ह तेल मिक्सरला फिरवा, गरम करून उकळी आणा, पास्त्यावर ओता. संपलं.

सुट्टीच्या दिवशी एक काम करून ठेवलंत तर आठवडाभर सुटका आहे. छोले किंवा राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात शिजवा, गार झाले की वाटी-वाटीचे डबे करून फ्रीजरमधे. राजमा मात्र आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, मंद आचेच्या स्लो कुकरमधे ते जात नाही, उलट्या होतात. भात उरला तर तासाभरात फ्रीजमधे आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून, तोही एकदाच.

आणि सहाव्या महिन्यातल्या त्या जास्तीच्या कॅलरीज? शेंगदाण्याचं बटर लावलेला एक टोस्ट आणि ग्लासभर सोया दूध, साधारण तेवढ्या होतात.

माझी सून व्हेगन आहे, पाचवा महिना लागलाय. मुलगी गुणी आहे, पण दूध नाही, दही नाही. मी काही बोलत नाही, वाद नकोत म्हणून. पण बाळाची हाडं कशी बनणार हो? मनात सारखं तेच येतं.

काकू, तुमची काळजी अगदी योग्य आहे, आणि तुम्ही गप्प बसून ती सोसताय हे वाचून वाईट वाटलं. कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅम लागतं, ते दुधाशिवाय होऊ शकतं पण थोडं ठरवून खावं लागतं. यात शरीरही साथ देतं, गरोदरपणात आतडी कॅल्शियम जवळजवळ दुप्पट शोषायला लागतात.

सगळ्यात सोपं म्हणजे कॅल्शियम घातलेलं सोया दूध, एका मोठ्या ग्लासातून साधारण ३०० मिलिग्रॅम मिळतं. खोक्यावर कॅल्शियम लिहिलेलं आहे का बघून घ्यायचं, काही ऑरगॅनिक दुधांत ते घातलेलंच नसतं. आणि ओतायच्या आधी खोका जोरात हलवायचा, कॅल्शियम तळाशी बसतं आणि न हलवता ओतलं की शेवटच्या ग्लासापर्यंत ते खालीच राहतं. टोफू घेताना घटकांच्या यादीत कॅल्शियम सल्फेट शोधा. ब्रोकोली, केल, बॉक चॉय या भाज्यांतलं कॅल्शियम छान शोषलं जातं. पालकात मात्र आकडा मोठा दिसतो पण त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या द्रव्यामुळे शंभरातलं पाचच अंगी लागतं, पालक फोलेटसाठी खायचा, हाडांसाठी नाही. तीळ, बदाम, पांढरे वाल यांची भर. तरी कमी पडत असेल तर डॉक्टर गोळी देतील, आणि ड जीवनसत्त्वाचं पण त्यांना विचारायला सांगा कारण त्याच्याशिवाय कॅल्शियम नीट आत जात नाही. ड-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात, पण लायकेनपासून (आपलं दगडफूल असतं तसलं) केलेलं व्हेगन ड-३ मिळतं, सुनेला ते चालेल.

बोलायचं कसं म्हणाल तर दुधाचा विषय काढूच नका. "तुझ्यासाठी टोफू आणून ठेवू का, कसा करायचा दाखव मला," एवढं म्हणून बघा. तिलाही कुणीतरी आपल्या बाजूचं हवंच असेल.

मोड आलेले मूग कच्चे खाल्ले तर चालतात का? सातवा महिना.

कच्चे नको. मोड ज्या उबदार ओल्या हवेत येतात तीच साल्मोनेला आणि ई. कोलायला आवडते, आणि ते बियांच्या भेगांत असतात त्यामुळे धुवून जात नाहीत. पूर्ण शिजवून खा. मोड आणल्याने लोह आणि जस्त जास्त शोषलं जातं तो फायदा शिजवल्यावरही राहतो.

ताई, सातवा महिना, हिमोग्लोबिन ९.८ आलंय. लोहाच्या गोळ्यांनी इतकी बद्धकोष्ठता झाली की मी त्या बंद केल्या, डॉक्टरांना सांगितलं नाही. बीट, डाळिंब आणि पालक भरपूर खातेय. एवढ्याने वर येईल ना?

येणार नाही गं, आणि हे मी तुला आत्ता स्पष्ट सांगितलेलं बरं. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात असं सगळ्यांना वाटतं, पण १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं आणि डाळिंबात त्याहून कमी. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे गरोदरपणात दिवसाला २७ मिलिग्रॅम हवं, आणि वनस्पतींतलं लोह मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. या महिन्यांत ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे अॅनिमिया, तुझं ९.८ आहे, बाळंतपणात रक्त जाणार आहे, हातात वेळ थोडा आहे. नुसत्या खाण्याने इतक्या लवकर भरून निघत नाही.

तेव्हा उद्याच डॉक्टरांना फोन कर आणि जे मला लिहिलंस तेच त्यांना सांग. ते रागावणार नाहीत, आणि रागावले तरी चालेल. लोहाचे वेगवेगळे प्रकार असतात, एक नाही सोसला तर दुसरा सोसतो, काहींना एक दिवसाआड डोस देतात, अगदीच जमलं नाही तर शिरेतून देता येतं. आणि बी-१२ पण तपासायला सांग, त्याच्या कमतरतेनेही अॅनिमिया होतो, मग लोह कितीही घेतलं तरी पूर्ण फरक पडत नाही.

घरात करायचं ते असं. गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घे. चहा-कॉफी गोळी आणि जेवण दोन्हीपासून तासभर लांब, चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं (कॉफी तशीही दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत ठेवायची). कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर कधीच नको, एक सकाळी एक रात्री. जेवणात मसूर, छोले, टोफू, भोपळ्याच्या बिया ठेव आणि प्रत्येक वेळी सोबत काहीतरी आंबट किंवा कच्चं असू दे, लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची. लोखंडी कढईत टोमॅटोचा रस्सा शिजवला तर थोडं लोह त्यातून पण उतरतं, ते वरचं धर, गोळीच्या ऐवजी नाही.

बद्धकोष्ठतेसाठी सुके आलुबुखारे, रात्री चार-पाच भिजवून सकाळी पाण्यासकट. किवी. जवसाची पूड एक चमचा, पण तिच्यासोबत पाणी भरपूर, पाणी कमी पडलं तर उलट जास्त अडकतं. आणि रोज थोडं चालणं, जमेल तेवढंच.

जवस आणि अक्रोड रोज खाते. तरी डीएचए वेगळं घ्यावं का?

मी घे म्हणेन. डीएचए हा ओमेगा-३ स्निग्ध पदार्थांचाच एक प्रकार. जवस, अक्रोडातून जे ओमेगा-३ मिळतं त्याचं शरीरात डीएचएमधे रूपांतर फारच थोडं होतं, आणि बाळाच्या मेंदू-डोळ्यांना डीएचएच हवं असतं. माशांकडे ते येतं शेवाळातून, तर आपण सरळ शेवाळाचंच तेल घ्यायचं, रोज साधारण २०० मिलिग्रॅम डीएचए असलेलं. जवस बंद करू नकोस, पण पूड करून खा, अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात.

आम्ही घरात साधं मीठ बंद करून गुलाबी मीठ वापरतो, जास्त नैसर्गिक म्हणून. गरोदरपणात ठीक ना?

परत आयोडीनयुक्त मीठ आणा, प्लीज. गुलाबी मिठात, समुद्री मिठात आयोडीन नसल्यासारखंच असतं, आणि दूध-अंडी-मासे बंद असले की आयोडीनचे नेहमीचे रस्ते सगळेच बंद होतात. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम सांगते, बाळाचा मेंदू घडायला आईचं थायरॉइड नीट चालावं लागतं. मीठ वाढवू नका, फक्त बदला, आणि गोळीत आयोडीन आहे का ते बघा. केल्प वगैरे समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र नकोत, त्यात कधी कधी इतकं जास्त असतं की थायरॉइड बिघडतं. थायरॉइडचं औषध चालू असेल तर काहीही बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

नववा महिना लागला! घरात आम्ही दोघंच, मदतीला कोणी नाही. बाळ आल्यावर पहिले आठवडे खायचं काय या विचाराने पोटात गोळा येतो. आधी करून काय ठेवता येईल?

बरंच काही, फक्त एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, रोज रात्री जे कराल ते दुप्पट करा आणि अर्धं फ्रीजरमधे टाका. वर लिहिलेलं मसुराचं सूप छान गोठतं (पालक आणि लिंबू मात्र गरम करताना घाला), शिजवलेले छोले आणि राजमा, टोमॅटोचा सॉस, भाज्या घातलेला डाळीचा रस्सा, केळ्याचा ब्रेड कापून. उकडलेला बटाटा गोठवू नका, पाणचट होतो. डब्यावर नाव आणि तारीख लिहा, सगळं एकसारखंच दिसतं नंतर. एकेका जेवणापुरते छोटे डबे करा म्हणजे एकदा वितळवलेलं परत गोठवायची वेळ येत नाही. डबे चपटे असले तर लवकर वितळतात.

मग एका हाताने खाता येईल असं, कारण दुसऱ्या हातावर बाळ असणार. ओट्स, खजूर आणि शेंगदाण्याचं बटर मिक्सरमधून काढून लाडू वळा, थोडी जवसाची पूड घाला, फ्रीजमधे दहा-बारा दिवस सहज राहतात. पाजायला बसलीस की तहान लागते, तिथेच हाताशी पाण्याची बाटली आणि डब्यात बदाम-मनुका. भूक गरोदरपणापेक्षा जास्त लागेल, ती खरी भूक आहे, खाऊन घे.

गोळ्या बाळ झालं म्हणून थांबवायच्या नाहीत. बी-१२, आयोडीन आणि डीएचए पाजत असेपर्यंत चालूच, कारण दुधात तेच उतरतं. कोलीनची गरज तर वाढून ५५० मिलिग्रॅम होते. लोहाचं बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन बघून डॉक्टर ठरवतील. नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव की गोळ्यांची बाटली संपायच्या आठवडाभर आधी नवी आणायचं काम त्याचं. आणि बाळाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग की तू व्हेगन आहेस, म्हणजे बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि पुढे लोह कधी सुरू करायचं हे ते बघतील.